साउथवेलचं आंबट झाड आणि वलवणची करवंदं

१८६२ सालच्या ऑक्टोबर महिन्याची ३१ तारीख. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमशायर परगण्यात साउथवेल नावाचं लहानसं गाव आहे. तिथल्या हेन्री मेरीवेदर या तेवीस वर्षांच्या रोपवाटिकावाल्याने त्या दिवशी हिशेबाच्या वहीत एक नोंद केली. अप्टन हॉलच्या जॉर्ज कूपर यांना तीन ब्रॅम्ली सफरचंदं विकली, मिळाले दोन शिलिंग. एका आंबट सफरचंदाच्या विक्रीची ही पहिली लेखी नोंद. पुढे याच फळाने इंग्लंडची स्वयंपाकघरं काबीज केली.

नेमक्या त्याच दिवसांत खंडाळ्याच्या घाटात शेवटच्या टप्प्याचं काम चाललं होतं. खोपोली-कर्जतच्या बाजूने लोहमार्ग सह्याद्री चढत होता. पावणेसोळा मैलांत १,८३१ फुटांची चढण आणि वाटेत पंचवीस बोगदे. ऐन भरात असताना या कामावर चाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते. सॉलोमन ट्रेडवेल हा ठेकेदार १८५९ मध्ये हिंदुस्थानात उतरला आणि काही दिवसांतच वारला. त्याची बायको अ‍ॅलिस हिने ठेका सोडला नाही, दोन अभियंत्यांना हाताशी धरून तिने तो तडीस नेला. १८६३ मध्ये घाट खुला झाला. लोणावळा, खंडाळा आणि त्यांना लागून असलेलं वलवण यांच्या दारात मुंबईहून आगगाडी येऊ लागली.

गाडीबरोबर साहेब आले. लोणावळ्यात रेल्वेची कार्यशाळा आणि गोऱ्या नोकरदारांची वसाहत उभी राहिली, प्रार्थनास्थळं आणि शाळा आल्या. इंजिनांना पाणी हवं म्हणून भुशीला धरण बांधलं गेलं. इंग्रजांनी या घाटमाथ्यावर आपल्या घरची बरीच मांडामांड केली, पण घरचं सफरचंद काही त्यांना इथे आणता आलं नाही. ते का आलं नाही आणि ज्या गावी ते जन्मलं तिथे ते कसं टिकलं, या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की मावळच्या फळांबद्दलही काही उलगडत जातं.

साउथवेलची गोष्ट सुरू होते १८०९ मध्ये. चर्च स्ट्रीटवरच्या एका घरात राहणाऱ्या मेरी अ‍ॅन ब्रेल्सफोर्ड या मुलीने सफरचंदाच्या काही बिया कुंडीत पेरल्या. एक रोप तरारलं, ते तिने परसात लावलं. पुढे तिचं लग्न झालं आणि ती ते घर सोडून गेली. झाड वाढत राहिलं आणि फळू लागलं. मेरी अ‍ॅन १८५२ मध्ये वारली. आपल्या हातच्या झाडाचं पुढे काय होणार आहे, याची तिला गंधवार्ताही नव्हती.

१८४६ मध्ये ते घर मॅथ्यू ब्रॅम्ली या खाटिकाने विकत घेतलं. झाडाची फळं शेजारपाजारी जात असत. १८५६ मध्ये सतरा वर्षांच्या हेन्री मेरीवेदरला रस्त्यात एक माळी भेटला. त्याच्या टोपलीतली मोठाली हिरवी फळं पाहून पोरगा थबकला आणि ही कुठली म्हणून त्याने चौकशी केली, असं सांगतात. माळ्याने ब्रॅम्लीच्या परसाचा पत्ता दिला. हेन्री थेट तिथे गेला आणि त्याने कलमासाठी काड्या मागितल्या. खाटीक राजी झाला, पण एका अटीवर: फळाला माझं नाव द्यायचं. त्यामुळे बी पेरणाऱ्या मेरी अ‍ॅनचं नाव मागे पडलं आणि फळ जगभर ‘ब्रॅम्ली सीडलिंग’ म्हणून ओळखलं जाऊ लागलं.

हेन्रीने काड्या मागितल्या, बिया मागितल्या नाहीत, यात सफरचंदाच्या शेतीचं सगळं मर्म आहे. सफरचंदाच्या बीपासून आईसारखं फळ येत नाही. एकाच फळातल्या पाच बिया पेरल्या तर पाच निराळी झाडं येतात आणि त्यांतली बहुतेक टाकाऊ निघतात. हजारांत एखादं झाड नामी निघालं, तर ते टिकवायचा एकच मार्ग: त्याची काडी दुसऱ्या खुंटावर बांधायची. आज जगात जिथे जिथे ब्रॅम्लीचं झाड आहे, ते साउथवेलच्या त्या एका परसातल्या झाडाचाच तुकडा आहे. त्यातही ब्रॅम्लीची एक अडचण आहे. नेहमीच्या सफरचंदाच्या पेशीत गुणसूत्रांचे दोन संच असतात, ब्रॅम्लीत तीन आहेत. त्यामुळे त्याचे परागकण जवळपास निकामी असतात. ब्रॅम्लीची बाग लावायची तर सोबत आणखी दोन जातींची झाडं लावावी लागतात. त्या दोन जाती ब्रॅम्लीला पराग पुरवतात आणि एकमेकींचीही गरज भागवतात. ब्रॅम्लीकडून कोणालाच काही मिळत नाही.

आता या फळाची चव. कच्चं ब्रॅम्ली चावलं तर दात आंबतात. पिकल्यावरही त्याचा आंबटपणा जात नाही, कारण त्यात मॅलिक आम्ल भरपूर आणि साखर बेताची. पण ते आचेवर ठेवलं की त्याचा खरा गुण कळतो. गोड सफरचंदाच्या फोडी शिजवल्या तर त्या फोडीच राहतात आणि चव मिळमिळीत होते. ब्रॅम्ली काही मिनिटांत विरघळून फेसासारखं हलकं होतं, आणि साखर घालूनही आंबट चव शाबूत राहते. आपल्याकडे पन्ह्याला जसा पिकला आंबा चालत नाही, कैरीच लागते, तसं इंग्रज गृहिणीला पायसाठी हेच फळ लागतं. डुकराच्या मांसाबरोबरचा सॉस, मधली बोंडी काढून त्यात मनुका-साखर भरून भाजलेलं अख्खं सफरचंद, वर पिठाचा भुगा पसरून भाजलेलं क्रंबल: हे सगळं या आंबट फळावर उभं आहे.

इंग्लंडमध्ये खाण्याचं सफरचंद वेगळं आणि रांधण्याचं वेगळं ही वाटणी जुनीच. मांजराच्या डोक्याच्या आकाराचं म्हणून ‘कॅट्सहेड’ हे सतराव्या शतकात माहीत होतं. अठराव्या शतकाच्या अखेरीस लँकाशायरकडच्या एका पडक्या किल्ल्याजवळ ‘केझिक कॉडलिन’ सापडलं. लेस्टरशायरमध्ये रिचर्ड डुमलोच्या बागेत त्याच्या नावाचं सफरचंद निघालं. ग्रँथमच्या एमा पीझगुड या मुलीने लहानपणी कुंडीत लावलेल्या बीतून ‘पीझगुड्स नॉनसच’ आलं. डर्बीशायरमधलं ‘न्यूटन वंडर’ तर विल्यम टेलर या खानावळवाल्याला छपराच्या पन्हाळीत उगवलेलं मिळालं म्हणतात. ही यादी नीट पाहिली तर एक गोष्ट लक्षात येते. यांतलं एकही फळ शास्त्रज्ञाने बेत आखून घडवलेलं नाही. परसात, वईच्या कडेला किंवा कचऱ्यात बीपासून उगवलेलं झाड कोणाच्या तरी नजरेत भरलं आणि पुढे कलमाने पसरलं.

ब्रॅम्लीला मात्र काळाचीही साथ मिळाली. आंबट फळाला साखर लागते आणि १८७४ मध्ये ब्रिटनने साखरेवरची जकात काढून टाकली. गिरण्यांच्या शहरांमधल्या कामगाराच्या घरीही मुरंबा-पाय होऊ लागले. रेल्वेने खेड्यातला माल शहरात रातोरात पोचू लागला. १८७६ मध्ये लंडनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या फळ समितीने ब्रॅम्लीला वाखाणलं. १८८३ मध्ये चिझिकच्या बागेत सफरचंदांची राष्ट्रीय परिषद भरली, तिथे दीड हजारांच्या घरात जाती मांडल्या होत्या. त्या गर्दीतही ब्रॅम्लीने मान मिळवला. फळ मोठं, झाड दणकट, पीक भरघोस आणि नीट ठेवलं तर वसंतापर्यंत टिकाऊ. पहिल्या महायुद्धात अन्नाची टंचाई झाली तेव्हा याच्या बागा आणखी वाढल्या. उत्तर आयर्लंडमधल्या आर्मा परगण्यात तर हे फळ असं रुजलं की २०१२ मध्ये ‘आर्मा ब्रॅम्ली’ला भौगोलिक मानांकन मिळालं.

इंग्रज अधिकाऱ्याची बायको घाटमाथ्यावर राहायला आली तेव्हा आंबट सफरचंदाची ही चव तिच्या जिभेवर होती. इथे मिळत काय होतं? सफरचंद जहाजाने यायचं म्हणजे आफ्रिकेला वळसा घालून चार महिने, १८६९ मध्ये सुवेझ कालवा उघडेपर्यंत दुसरी जलवाट नव्हती. त्याआधी एक चमत्कारिक सोय झाली होती. बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने १८३३ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या तळ्यांवरचा बर्फ कापून जहाजात भरला आणि कलकत्त्याला धाडला. निघताना १८० टन, पोचला सुमारे १०० टन, तरी धंदा फायद्याचा ठरला. बर्फाच्या गारव्यात अमेरिकेतल्या बाल्डविन सफरचंदांची पिंपंही कलकत्त्याला येऊ लागली. मुंबईतही तो बर्फ उतरू लागला आणि तो साठवायला वर्गणी काढून बर्फघर बांधलं गेलं. पण ही चैन बंदरापुरती होती. पिंपातलं सफरचंद घाट चढून रोजच्या पायमध्ये पडण्याइतकं स्वस्त कधीच झालं नाही.

तेव्हा मेमसाहेबांनी आणि त्यांच्या खानसाम्यांनी इथल्याच आंबट फळांकडे मोर्चा वळवला. इंग्लंडात आंबट गूजबेरी शिजवून, गाळून, साय घालून ‘फूल’ नावाचा पदार्थ करत. इथे त्यात कैरी आली आणि ‘मँगो फूल’ अँग्लो-इंडियन टेबलावर उन्हाळ्याचा मानाचा पदार्थ झाला. रेडकरंटच्या जेलीची जागा करवंदाने घेतली. बंगालमधला पाद्री थॉमस फर्मिंजर याचं बागकामावरचं पुस्तक हिंदुस्थानभरच्या साहेबांच्या घरी असे. त्यानेही करवंदाची जेली आणि टार्ट यांची वाखाणणी केली आहे. पिकायच्या आत तोडलेलं करवंद रांधायला उत्तम, हे त्या मंडळींनी फार लवकर ओळखलं. मावळातल्या बायकांना ते आधीपासूनच ठाऊक होतं. कोवळ्या करवंदाचं लोणचं आणि चटणी घरोघरी होतीच.

साहेबांनी सफरचंदाचं झाडच घाटमाथ्यावर का वाढवलं नाही, याचं उत्तर वलवणच्या हवेत आहे. सफरचंदाला थंडीची भूक असते. हिवाळ्यात पान गाळून झाड झोपी जातं आणि सात अंशांखालच्या थंडीचे ठरावीक तास भरल्याशिवाय त्याचे डोळे नीट फुटत नाहीत. जुन्या इंग्रजी जातींना असे हजाराच्या आसपास तास लागतात. वलवण समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० फूट उंच आहे. इथे पौषातल्या पहाटे काकडायला होतं, पण पारा सात अंशांखाली क्वचितच उतरतो आणि दिवस वर येताच थंडी पळते. त्यामुळे झाडाची झोप पुरी होत नाही. ते कसंबसं पालवतं, फूल येतं न येतं, आणि फळ धरण्याआधीच उन्हाळा येतो.

थंडी एकवेळ सोसली असती, पण पाऊस? साउथवेलला वर्षभरात सहा-सातशे मिलिमीटर पाऊस पडतो. लोणावळा-वलवणला चार हजारांच्या वर पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. इतक्या ओलीत सफरचंदाच्या पानांवर आणि फळांवर बुरशीचे काळे चट्टे पडतात, मुळं कुजतात.

ज्या पावसाने सफरचंदाला मज्जाव केला, तोच पाऊस वलवणला दुसऱ्या कारणाने प्रसिद्ध करून गेला. घाटमाथ्यावरचं पाणी अडवून कोकणाच्या बाजूला सोडलं तर वीज होईल, हा विचार जमशेदजी टाटांनी उचलून धरला. त्यांच्या पश्चात १९१० मध्ये टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनी निघाली. ८ फेब्रुवारी १९११ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनी लोणावळ्यात पायाभरणी केली. लोणावळा, वलवण आणि शिरोता ही तळी बांधली गेली. पाणी नळांमधून सुमारे १,७०० फूट खाली खोपोलीच्या वीजघरात कोसळू लागलं आणि १९१५ मध्ये मुंबईच्या गिरण्या त्या विजेवर चालू लागल्या. गिरण्यांना वीज मिळाली, पण धरणांच्या पाण्याखाली मावळची जमीनही गेली. वलवण हे नाव मुंबई-पुण्याच्या लोकांना माहीत झालं ते त्या धरणामुळे.

सह्याद्रीने नाकारलेलं सफरचंद हिमालयाने घेतलं. पण तिथेही इंग्रजी आंबट जातींचं नशीब फार काळ उजळलं नाही, आणि तो किस्सा मोठा बोलका आहे. कॅप्टन आर. सी. ली याने १८७० मध्ये कुलू खोऱ्यातल्या बंदरोल गावी सफरचंदाची बाग लावली. मागोमाग खोऱ्यात आणखी काही साहेबांच्या बागा झाल्या. १८८७ मध्ये अलेक्झांडर कूट्स याने सिमल्याजवळच्या मशोब्रा इथे बाग उभी केली आणि शंभराच्या आसपास जाती जमवल्या. त्या बागेच्या जागी आज फळसंशोधन केंद्र आहे. पिपिनपासून रांधण्याच्या आंबट जातींपर्यंत इंग्रजी परसातलं बरंच काही या डोंगरांत आलं. त्याला गिऱ्हाईक होतं ते सिमल्याचं सरकारी वर्तुळ, छावण्या आणि मोठ्या शहरांतली हॉटेलं. गाभुळलेल्या, आंबूस चवीचं हे फळ देशी बाजारात मात्र रुळेना. आपल्याकडे फळ म्हणजे आजाऱ्याला द्यायची, उपासाला खायची, देवापुढे ठेवायची गोष्ट, तिथे ती गोडच हवी. शिजवून आंबट करायला चिंच, कोकम, कैरी, आवळा हे सगळं हाताशी होतंच.

ही नाडी ओळखली एका अमेरिकनाने. फिलाडेल्फियाच्या क्वेकर घराण्यातला सॅम्युअल स्टोक्स १९०४ मध्ये कुष्ठरुग्णांच्या सेवेसाठी हिंदुस्थानात आला. सिमल्याच्या वर कोटगढला स्थायिक झाला, तिथल्याच मुलीशी लग्न केलं. १९१६ मध्ये त्याने अमेरिकेतल्या स्टार्क ब्रदर्सच्या रोपवाटिकेतून ‘रेड डिलिशस’ची रोपं आणून लावली. या जातीचा जन्मही ब्रॅम्लीसारखाच. आयोवातल्या जेसी हायट या शेतकऱ्याच्या बागेत एक रोप नको तिथे उगवलं. त्याने ते दोनदा छाटलं, तरी ते पुन्हा फुटलं. जगायचंच असेल तर जग बाबा, असं म्हणून त्याने ते राहू दिलं, ही तिथली आख्यायिका. स्टोक्सच्या बागेतलं हे लालभडक आणि निखळ गोड फळ देशी बाजाराने डोक्यावर घेतलं. स्टोक्स पुढे वेठबिगारीविरुद्ध लढला, १९२१ मध्ये तुरुंगात गेला आणि सत्यानंद या नावाने ओळखला जाऊ लागला. त्याच्या रोपांनी हिमाचलाच्या डोंगरी शेतीचा नकाशा बदलला. जुन्या आंबट इंग्रजी जाती मागे हटल्या.

आंबट सफरचंद हिंदुस्थानात रांधलंच गेलं नाही असं मात्र नाही. काश्मीरमध्ये वांग्याबरोबर सफरचंदाच्या फोडी परतून मसाल्यात शिजवतात, आणि त्यासाठी जाणती गृहिणी आंबूस फळच निवडते. हा पदार्थ कुठल्या साहेबाने शिकवलेला नाही. जिथे आंबट सफरचंद दारात पिकतं तिथे ते भाजीत पडतंच.

पुन्हा पुण्याकडे येऊ. इंग्रज सरकारने १८७३ मध्ये गणेशखिंडीत वनस्पती उद्यान सुरू केलं. जॉर्ज मार्शल वुड्रो हे तिथले जाणते उद्यानशास्त्रज्ञ. बागकामावरचं त्यांचं पुस्तक बरीच वर्षं वापरात होतं. पुढे गणेशखिंडीतच फळसंशोधन केंद्र आलं. तिथे डॉ. गंडा सिंग चीमा यांनी लखनौकडच्या पेरूच्या रोपांमधून १९२७ मध्ये एक झाड निवडलं आणि ते ‘लखनौ-४९’ नावाने पुढे आणलं. फळ मोठं, गर पांढरा आणि मऊ, बिया कमी टोचणाऱ्या. हाच आजचा ‘सरदार’ पेरू. महाराष्ट्रातल्या किती बागा या एका निवडीवर उभ्या राहिल्या याला हिशेब नाही. द्राक्षातलं ‘चीमा साहेबी’ हे वाणही त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. मेरीवेदरने साउथवेलच्या रस्त्यावर केलं तेच काम चीमा यांनी गणेशखिंडीत केलं. बीपासून आलेल्या रोपांच्या रांगेतून एक झाड हेरलं आणि कलमाने वाढवलं. फरक इतकाच की एकाच्या पदरी रोपवाटिका होती आणि दुसऱ्याच्या मागे सरकारी खातं.

अलीकडे सफरचंद पुन्हा दख्खनच्या दारात आलं आहे, या खेपेला कमी थंडीच्या वाटेने. हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यातल्या पनियाळा गावचे शेतकरी हरिमन शर्मा यांनी १९९८ मध्ये बाजारातून आणलेली सफरचंदं खाऊन बिया परसात टाकल्या. एक रोप उगवलं. गाव अवघ्या १,८०० फुटांवर, तिथे सफरचंद येत नाही अशी सगळ्यांची खात्री. तरी शर्मांनी रोप जपलं. सफरचंदाचा खुंट मिळेना म्हणून प्लमच्या झाडावर त्याचं कलम बांधलं आणि फळ आलं. ‘एचआरएमएन-९९’ या नावाने ते वाण सपाटीच्या अनेक राज्यांत गेलं, महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांनीही त्याची आणि ‘अ‍ॅना’सारख्या कमी थंडीच्या जातींची लागवड करून पाहिली. २०२५ मध्ये शर्मांना पद्मश्री मिळाली.

आकड्यांनुसार वलवण पनियाळापेक्षा उंच आहे. पण या जातींची फळं जूनमध्ये तयार होतात आणि मावळात जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाऊस सुरू होतो. फळ काढणीला आणि आभाळ फाटायला एकच गाठ. नगर-सोलापूरकडच्या कोरड्या रानात जे साधेल ते घाटमाथ्यावर साधायचं नाही.

तिकडे साउथवेलमध्ये मूळ झाडाने बरंच सोसलं. १९०० साली वादळात ते आडवं झालं. पण जमिनीला टेकलेल्या फांदीला मुळं फुटली आणि तिच्यातून झाड पुन्हा उभं राहिलं, पुढेही शंभर वर्षांहून अधिक काळ फळत राहिलं. मग त्याला मधबुरशी लागली. या बुरशीवर औषध नाही. १९९० च्या दशकात नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या एडवर्ड कॉकिंग यांच्या चमूने मूळ झाडाच्या ऊतींपासून प्रयोगशाळेत रोपं तयार केली, म्हणजे खोड गेलं तरी वाण जाणार नाही. पुढे झाडाची देखभाल नॉटिंगहॅम ट्रेंट विद्यापीठाकडे आली. २००९ मध्ये झाडाची दोनशे वर्षं गावाने साजरी केली, साउथवेलच्या भव्य चर्चमध्ये ब्रॅम्लीच्या नावाची रंगीत काचेची खिडकी बसवली. ब्रिटनमध्ये रांधण्यासाठी विकल्या जाणाऱ्या सफरचंदांत आजही जवळजवळ सगळा वाटा या एकाच जातीचा आहे.

एका परसातल्या झाडाची एवढी निगा पाहिली की नजर आपोआप वलवण-कुणे-खंडाळ्याच्या डोंगरउतारांकडे वळते. इथल्या आंबट फळांचा राजा करवंद. फाल्गुनात पांढऱ्या सुवासिक फुलांनी जाळ्या भरतात, चैत्रात हिरवी करवंदं लोणच्याला येतात आणि वैशाखात काळी होतात. कातकरी-ठाकर बायका पहाटे रानात जाऊन, काट्यांनी हात ओरबाडून घेत ती वेचतात आणि रस्त्याकडेला, स्टेशनाजवळ पानांच्या द्रोणात विकतात. पोरं दाताखाली धरण्याआधी ‘कोंबडा की कोंबडी’ अशी पैज लावतात. आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. प्रत्येक जाळीची चव निराळी, आकार निराळा, चीक कमी-जास्त. सफरचंदाच्या बीसारखंच करवंदाचंही आहे, दोन जाळ्या सारख्या नसतात.

या विविधतेतून निवड करायची सुरुवात झाली आहे. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने मोठ्या फळाचं ‘कोकण बोल्ड’ हे करवंदाचं वाण दिलं. उत्तरेत पंतनगर विद्यापीठानेही करवंदाची वाणं निवडली. मावळच्या रानातल्या जाळ्यांना मात्र सगळ्यात मोठा धोका आहे तो जेसीबीचा. बंगल्यांचे प्लॉट पडतात, फार्महाउसांची कुंपणं तारेची होतात, रस्ते रुंदावतात आणि पिढ्यान्‌पिढ्या ओळखीची जाळी एका दुपारी उखडली जाते. तिच्याबरोबर ती चवही कायमची जाते, कारण तिचं कलम कोणी बांधलेलं नसतं.

तेव्हा मावळकरांना एक विनंती. येत्या वैशाखात रानात जाल तेव्हा ज्या जाळीची करवंदं मोठी, गरदार आणि कमी चिकाची असतील ती ध्यानात ठेवा. ती कुठे आहे, कधी पिकते, लोणच्याला बरी की सरबताला, हे घरातल्या म्हाताऱ्यांना आणि करवंदं विकणाऱ्या बायकांना विचारून लिहून ठेवा. जागेवर बांधकाम येणार असेल तर आधी तिच्या काड्या घेऊन कलम करायचा प्रयत्न करा, आणि कृषी विद्यापीठाच्या जवळच्या केंद्राला किंवा कृषी सहायकाला ती दाखवा. त्या जाळीला वाढवणाऱ्याचं नाव द्यायचं, की ती ज्या बाईने दाखवली तिचं, हे गावाने ठरवावं. साउथवेलमध्ये ज्या मुलीने बी लावली तिचं नाव फळाला मिळालं नाही, निदान इथे तेवढं चुकवू नये.